सालईचं वळण

"पुढं जाऊ नका. तिथं वाट नाय, कडा हाये," कडूबा वरून ओरडला, तेव्हा खालच्या दोघांनी एकदमच मान वर केली.

पुरुष साठीच्या आसपासचा, पायांत नवेकोरे पांढरे बूट, हातात काठी. बाई खडकावर बसून ओढणीच्या टोकाने वारा घेत होती. सागाची वाळलेली पानं घोट्याच्या वर साचली होती आणि पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. त्या आवाजाच्या मागावरच कडूबा इथवर आला होता. आणखी थोडं पुढे गेले असते तर आवाज करायला दोघं उरले असते की नाही, कोण जाणे.

"वाट नाही कशी?" पुरुष म्हणाला. "गेटवरच्या मॅडम बोलल्या, लाल चिंधी बघत जा, चुकणार नाही. बघत आलो. चुकलो."

"लाल चिंधी वर टेकाडाकडं जाती. इकडं नाय येत."

"इधर भी है ना," बाई म्हणाली आणि तिने मागे बोट दाखवलं. "वो सफेद झाड पे."

कडूबाने पाहिलं. वाट जिथे फुटते तिथून कड्याच्या अंगाला, जराशी आत, एक जुनी सालई होती. पानं सगळी झडलेली, खोडावरचे कागदासारखे पापुद्रे उन्हात चमकत होते. तिच्या खालच्या फांदीला खरोखरच एक लाल चिंधी बांधलेली होती. कडूबा जवळ गेला. ही चिंधी त्याने बांधलेली नव्हती. पण कापड त्याच्या घरचं होतं. लाल पातळ, त्यावर पिवळ्या बुट्ट्या. बायकोचं ते जुनं पातळ त्याने स्वतः अंगणात बसून, दात लावून टराटरा फाडलं होतं. आपल्या घरची चिंधी आपल्याला न विचारता इथे कशी आली, हे काही त्याच्या ध्यानात येईना.

अंजनदऱ्याचं जंगल वेरूळच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात आहे. मिसरूड फुटलं तेव्हापासून कडूबा तिथे रोजंदारीवर वनमजूर. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून पट्टे काढायचे, उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, पावसाळ्यात रोपं लावायची, आणि ती मेली की पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा लावायची, हे त्याचं काम. मागच्या वर्षी खात्याने तिथे निसर्ग पायवाट काढली. दारात फलक लागला. त्यावर मोर, रोही म्हणजे नीलगाय, आणि बिबट्या. बिबट्या इतका गुटगुटीत रंगवलेला की बघणाऱ्याला भीती वाटण्याऐवजी कौतुक वाटायचं. लेणी बघून झालेली माणसं रविवारी इकडे येऊ लागली आणि कडूबाच्या मागे वाट दाखवायचं काम लागलं. वाघ आहे का, असं कोणी विचारलं की तो नाही म्हणायचा नाही. "व्हता," म्हणायचा. माणसं तेवढ्यावर खूश होऊन आवाज खाली करून चालायची.

पावसाळ्यात पायवाट सरळ दिसते. दोन्ही बाजूंना हिरवं आणि मधे चिखलाची रेघ. घोळ होतो तो माघ-फाल्गुनात. साग, धावडा, कुडा, सालई, सगळी झाडं ठरवल्यासारखी पानं टाकतात आणि वाट खाली गाडली जाते. मग जंगल चारही बाजूंनी सारखंच दिसायला लागतं. वनरक्षक श्रेया मॅडमनी कचेरीकडे बाण काढायला रंग मागितला होता. रंग येणार होता. तो येईपर्यंत मामांनी, म्हणजे कडूबाने, काहीतरी करावं, असं ठरलं. मामांनी बायकोचं पातळ मागितलं.

"मी गयास," पांढऱ्या बुटांच्या माणसाने वर चढता चढता सांगितलं. "शहागंजात घड्याळं दुरुस्त करतो. डॉक्टर बोलले, रोज चला. गच्चीवर चालायला लागलो तर शेजारी विचारतात, गयासभाई, काय हरवलं? म्हटलं, मग जंगलातच जाऊ. इथे तर मीच हरवलो."

त्याची बायको राहत मागून येत होती. तिला वेगळंच कोडं पडलेलं होतं. "भाईसाब," ती म्हणाली, "ये कौनसे बाबा का जंगल है?"

"फॉरेस्टचं हाये," कडूबा म्हणाला.

"नहीं, वो तो है. पर ये चिंदियाँ किसके नाम की? गेट के पास तो सब बांधेले हैं. मैं भी बांधी एक."

कडूबा जागीच थांबला. गेल्या काही दिवसांत झाडांवर नको त्या चिंध्या दिसायला लागल्या होत्या, हे त्याने पाहिलं होतं. हिरवी, जरीची, काळा दोरा, एकदा तर चिंधीला अडकवलेली काचेची बांगडी. त्याला वाटलं होतं, सहलीच्या पोरांचा चावटपणा. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्या उजेडाने तो आणखीच गोंधळला. घाटातल्या झाडाला चिंधी बांधायची, दर्ग्याच्या जाळीला धागा बांधायचा आणि मनातलं पुरं झालं की येऊन सोडायचा, हे या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. हिंदू असो की मुसलमान, झाडाला लाल चिंधी दिसली की हात आपोआप पदराकडे नाहीतर ओढणीकडे जातो. चिंधी बघून वाट आठवणारी माणसं म्हणजे श्रेया मॅडम आणि हे गयासभाई, एवढीच.

"बाबा-बिबा कोनी नाय," तो म्हणाला. "वाट कळावी म्हनून म्या बांधल्या. माझ्या घरचीच साडी हाये."

राहत त्याच्याकडे बघत राहिली. "फिर मैं मांगी किससे?"

गयासभाई बुटात शिरलेलं कुसळ काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. शेवटी कडूबा म्हणाला, "आता मागितलंच हाये, तर राहू द्या."

गेटवरच्या चौकीत श्रेया मॅडम वाट बघत होत्या. फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येणारी, पंचविशीतली पोरगी, पण अंगात खाकी असल्यामुळे कडूबा तिला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला मामा. झालेलं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"ते कड्यावरून गेले असते तर, मामा?"

"गेले नाय."

"आज नाही गेले. रविवारी साहेब शाळेची पोरं घेऊन येतायत. उद्यापर्यंत सगळ्या चिंध्या काढून टाका. रंग आलाय. शनिवारी मी दगडांवर बाण काढते."

"नवसाच्या बी काढू?"

"नवसाच्या कशा? तुम्हीच बांधल्यात ना?"

"म्या बांधल्या त्या नवसाच्या नायत. लोकांनी बांधल्या त्या नवसाच्या हायेत."

"ओळखायच्या कशा?"

"तेच म्हनतो."

श्रेयाने कपाळाला हात लावला. तिचं खोटं नव्हतं. पोरं चिंध्यांच्या मागे कुठेही भरकटली असती. कडूबालाही ते कळत होतं. म्हणून सालईवरची चिंधी आपण बांधलेली नाही, हे त्याने तिला सांगितलं नाही.

घरी आला तेव्हा भागूबाई बाजेवर उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं की हृदयाची एक झडप कामातून गेली आहे, बदलावी लागेल. ऑपरेशनची तारीख मिळायची होती. तोवर गोळ्या घ्यायच्या आणि चढ चढायचा नाही. तिच्या मांडीवर फोन होता. लेक रत्नमाला लासूर स्टेशनला दिली होती, तिला दिवस गेले होते. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली, म्हणून भागूबाई रोज फोन करून ती काय जेवली ते विचारायची. स्वतः जेवलीस का, हे लेकीने विचारलं की मात्र तिकडे काही ऐकू येत नाही, असं म्हणून फोन ठेवायची.

कडूबा पाणी प्याला आणि त्याने सरळ विचारलं, "सालईला चिंधी कोनी बांधली?"

भागूबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. खोटं बोलायचं असलं की ती काठ गुंडाळायची आणि मग खरंच बोलायची.

"म्या," ती म्हणाली.

"तू? तिथवर कशी गेली?"

"बसत बसत."

"कवा?"

"तुमी पानवठ्यावर गेला व्हता तवा. सगळ्या बाया जाऊन बांधून आल्या. शेजारीन म्हनली, लई पावतंय. म्हनलं, आपुन बी जावं."

"अगं, पावतंय काय? तुझंच पातळ ते. तुझ्यासमोर फाडलं. म्या बांधलं."

"मग? दगडाला शेंदूर बी मानूसच लावतो नव्हं?"

कडूबा बायकोशी वादात कधी जिंकला नव्हता. आता तर तिचा दम सांभाळून वाद घालायचा असल्यामुळे जिंकायची सोयच उरली नव्हती. "आन् सालईलाच काहून?" त्याने विचारलं. "वाट वर जाती. ती वाट कड्याकडं जाती. लोकं चुकली ना आज."

"वर चढवना मला," भागूबाई म्हणाली. "तिथं दम सरला. म्हनलं, इथंच."

कडूबा उठला आणि उगाच चुलीत लाकूड सारून आला. तो चढ त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिथवर पोचायला तिने किती वेळा टेकलं असेल, कोणाला हाक मारली असेल, की हाक मारण्याएवढाही दम नसेल. त्याला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिचे पाय चेपून द्यावेत असंही वाटलं. त्याने दोन्हींतलं काही केलं नाही.

"मॅडमनं समद्या काढायला सांगितल्यात," तो म्हणाला.

"समद्या काढा. तेवढी माझी गाठ सोडू नका."

"काय मागितलं?"

"सांगितल्यावर फळत नाय."

"मला बी नाय सांगनार?"

"तुमाला तर नायच," भागूबाई म्हणाली आणि हसली. हसताना तिला खोकला आला. तिची पाठ चोळता चोळता कडूबाने मनाशी धरलं की तिने झडपेसाठी मागितलं आहे. दुसरं काय मागणार?

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच विळा आणि गोणी घेऊन जंगलात गेला. स्वतःच्या चिंध्या त्याने विळ्याने सटासट कापल्या. लोकांच्या चिंध्यांपाशी आला की विळा हातातून कमरेला जायचा आणि तो बोटांनी गाठ सोडत बसायचा. बायकांनी गाठी घट्ट मारल्या होत्या. सुटलेली चिंधी गोणीत टाकायला त्याचा हात होईना. चुलीत घालावी तर त्याहून होईना. ही राहतबाईची हिरवी, टिकल्या लावलेली, तिने जाताना दाखवलेली. ही बांगडीवाली. कोणाचं काय अडलं आहे, ते त्याला माहीत नव्हतं. पण आपण बांधलेल्या चिंधीमुळे ही माणसं इथे मागत बसली, तर ते मागणं रद्द करायचा हक्क आपल्याला कोणी दिला, असं त्याच्या मनात आलं. आणि मागणं ऐकणारं इथे कोणी नाहीच, हेही त्याला पक्कं माहीत होतं. मग रद्द तरी काय होणार? डोक्यात पिंगा सुरू झाला तसा तो तंबाखू मळत एका धोंड्यावर बसला.

तंबाखू संपेपर्यंत त्याने ठरवलं. लोकांच्या सगळ्या चिंध्या त्याने गोळा केल्या आणि नेऊन सालईला बांधल्या. भागूबाईच्या चिंधीला त्याने हात लावला नाही. बाकीच्या तिच्या आजूबाजूला बांधल्या. काम झाल्यावर मागे सरून पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. आता तर ती सालई अशी नटली होती की आंधळाही तिच्याकडेच आला असता. आणि तिच्यापुढे कडा होता.

मग एकच मार्ग उरला. चिंधी जागची हलणार नसेल, तर वाटेने हलावं.

त्याने दिवसभर ते काम केलं. फाट्यापासून सालईपर्यंतची पानं ओढून काढली. सालईच्या पुढे, कड्याच्या कितीतरी अलीकडे, वाट उजवीकडे वळवली. कड्याच्या बाजूने काट्याच्या फांद्या रचून कुंपण घातलं. दोन्ही कडांना धोंडे लावत लावत वाट वर नेली आणि पाणवठ्यापाशी जुन्या वाटेला जोडली. आयुष्यभर त्याने साहेब लोकांनी चुना टाकून दिलेल्या रेषेवर खड्डे खणले होते. आज चुना नव्हता, साहेब नव्हता आणि कमर मात्र मोडायला आली होती. कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्याने ठरवलंच नव्हतं.

शनिवारी श्रेया मॅडम रंगाचा डबा घेऊन आल्या आणि फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"मामा, पायवाट इकडे कधी वळली?"

"वळवली."

"कोणाला विचारून?"

"इथून रोही दिसत्यात," कडूबा म्हणाला. हे त्याच्या तोंडून कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. या अंगाला रोही फिरकत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"इथून? मी तर कधी नाही पाहिले."

"दिसत्यात."

श्रेया सालईपाशी गेली. इतक्या चिंध्यांमधे तिची नजर लाल, पिवळ्या बुट्ट्यांच्या चिंधीवर थांबली. प्राण्यांच्या मोजणीच्या वेळी ती कडूबाच्या घरी जेवली होती. ते पातळ तिने भागूबाईच्या अंगावर पाहिलेलं होतं.

"मामींची तारीख आली का?" तिने विचारलं.

"नाय अजून."

श्रेयाने डब्यात कुंचला बुडवला आणि सालईजवळच्या मोठ्या धोंड्यावर पिवळा बाण काढला. नव्या वाटेकडे.

रविवारी साहेब आले, पोरं आली. कडूबा सगळ्यांच्या पुढे होता आणि मनात म्हणत होता, आता खोटं उघडं पडणार. पोरं सालईपाशी आली आणि थबकली. खालच्या उतारावर, वाळलेल्या झुडपांमधे, रोह्यांचा कळप उभा होता. एक काळसर नर आणि चार-पाच माद्या. पानं झडल्यामुळे आरपार दिसत होतं. पोरं श्वास रोखून बघत राहिली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "वा, जागा छान निवडली." कडूबाचं तोंड उघडंच राहिलं. श्रेयाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने घाईघाईने ते मिटलं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा भागूबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "बगा," ती म्हणाली. "माझं झाड हाये ते."

त्यानंतर कडूबाचं काही खरं राहिलं नाही. सालईवरून जाताना त्याचा हात डोक्यावरच्या टोपीकडे जायचा आणि मधेच थांबायचा. नमस्कार करावा तर कोणाला? पातळ बायकोचं, बांधलं बायकोने, फाडलं आपण. नाही करावा तर रोही आले कुठून? पाण्याच्या वासाने आले असतील, तो स्वतःला सांगायचा. पाणवठा आपणच तर भरतो. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तिथपर्यंतच जायचा. चैत्रात सालईला पोपटी पालवी फुटली तेव्हा त्याने तिच्या बुडाशी, कोणी बघत नाही असं बघून, पाण्याचा एक तांब्या ओतला. झाडाला पाणी घालणं हे आपलं कामच आहे, असं त्याने मनात म्हटलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती श्रावणातली. भागूबाई आषाढातच गेली. सकाळी चहा पीत होती, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली. कडूबा म्हणाला, "अगं, चहा गार व्हतोय." त्याला वाटलं, तिला डुलकी लागली.

दिवसकार्य झाल्यावर तो जंगलात गेला तो चिंधी तोडायला. वाटेत तो मोठमोठ्याने बोलत होता. एवढं मागितलं तिने, दम सरेपर्यंत चढून मागितलं, लोकांना पावतं आणि आम्हालाच पावत नाही? बोलता बोलता तो गप्प झाला, कारण हे आपण कोणाला बोलतो आहोत, हे त्याला सांगता आलं नसतं. जो नाहीच, त्याच्यावर रागवायचं कसं? पण राग तर खरा होता. सालईपाशी आला तर सालई पानांनी गच्च भरलेली. पावसाने सगळ्या चिंध्या काळपट पडून पानांआड गेल्या होत्या. त्याने ओल्या फांद्या बाजूला केल्या, दोन-चार चिंध्या हाताला लागल्या, पण लाल एकही नाही. चिखलात उभं राहून तो रडला. मग पाणवठ्याचा बांध फुटला आहे का ते बघायला गेला.

दसऱ्याच्या सुमाराला रत्नमालाला मुलगा झाला. बाळ, बाळंतीण सुखरूप. कडूबा लासूर स्टेशनला जाऊन आला. बाळाला मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदाच ते आलं. भागूबाईने कधी स्वतःसाठी काही मागितलं होतं का? घरात आंबा आला तर ती कोय चोखायची. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय होतंय, तर म्हणाली, यांच्या गुडघ्याला काहीतरी द्या. अशी बाई एवढ्या कष्टाने चढून जाऊन झडप मागेल? की तिथे, दम सरल्यावर, एकदा तरी तिला स्वतःची आठवण झाली असेल? तो बाळाकडे बघत राहिला. जावयाला वाटलं, सासऱ्यांना बाळ जड झालं, म्हणून त्याने ते उचलून घेतलं.

मार्गशीर्षात एका सकाळी गयासभाई आले. पांढरे बूट आता मातकट झाले होते, चालण्यात सराव दिसत होता. बरोबर राहत होती आणि एक उंच, दाढीवाला तरुण.

"ये जिब्रान," राहत म्हणाली. "मेरा बेटा. बाप से लड़के पुना चले गया था. फोन तक नहीं. मैं इसीच के वास्ते बांधी थी. अब पुरी हुई तो बोलने में हर्ज नहीं." गयासभाई झाडांकडे बघत होते. जिब्रानही झाडांकडेच बघत होता. दोघांची झाडं मात्र वेगवेगळी होती.

ती गेटजवळच्या धावड्यापाशी जाऊन चिंधी शोधायला लागली. कडूबा म्हणाला, "तिथं नाय. म्या ती हलवली."

"हलाए? कायकू?"

कडूबाने सगळं सांगितलं. राहतने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हलाए तो भी पुरी हुई?" मग ती त्याच्या मागून चालू लागली.

सालईची पानं पिवळी पडायला लागली होती. काही गळली होती आणि चिंध्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या. राहतने आपली हिरवी चिंधी ओळखली, तोंडातल्या तोंडात काही म्हणत गाठ सोडली आणि ती पर्समधे नीट घडी करून ठेवली. डब्यातून जिलेबी काढून तिने कडूबाच्या हातावर ठेवली. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. लाल चिंधी तिथेच होती, त्याच फांदीवर. रंग उडून विटकरी झाली होती, बुट्ट्या जेमतेम दिसत होत्या. पावसाळ्यात ती त्याच्या हाताला का लागली नाही, कोण जाणे.

"ये तो वही है ना," राहत म्हणाली. "हम जिसके पीछे भटके. किसकी है?"

"घरच्या बाईची. आषाढात गेली ती."

राहतने ओढणी डोक्यावर घेतली. गयासभाईंनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने राहतने हळूच विचारलं, "उनकी पुरी हुई थी क्या? हुई तो खोलना पड़ता. वो नहीं तो उनका आदमी खोलना."

"काय मागितलं ते सांगितलं नाय तिनं."

जिब्रान वडिलांच्या जवळ येऊन उभा राहिला. कडूबाने जिलेबी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. त्याची बोटं गाठीवर गेली. सोडली, तर तिने लेकीसाठी नाहीतर नवऱ्यासाठी मागितलं आणि ते मिळालं, असं होईल. म्हणजे जीव जात असतानाही तिने स्वतःसाठी तोंड उघडलं नाही. नाही सोडली, तर तिने जगायला मागितलं होतं आणि ते कोणी दिलं नाही, असं होईल. या दोन्हींतलं कोणतं आपल्याला सोसेल, ते त्याला समजेना. चांगली बायको होती, एवढंच समजत होतं. विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

गाठीच्या घडीत सालईची दोन वाळकी पानं अडकली होती. ती त्याने अलगद काढली. चिंधीचं टोक मुरगळून वर गेलं होतं, ते त्याने दोन बोटांत धरून सरळ केलं. मग हात खाली घेतला.

"चला," तो पाहुण्यांना म्हणाला. "म्होरं चढ हाये. दम लागला तर बसा."